एका भांगाचं शेत

सन १९६४. थंडी ओसरत आली होती आणि दुपारचं ऊन अंगाला लागायला सुरुवात झाली होती. त्या दिवसांत लोहारानं मला घडवलं.

मी नांगर. लोखंडी, एका फाळाचा. फाळाच्या मागे वाकवलेला जाड पत्रा. फाळ जमीन कापतो आणि पत्रा ती कापलेली माती उचलून उलटी करतो, उजवीकडे टाकतो. डावीकडे टाकायला मला शिकवलंच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

बढाई मारायची मला सवय नाही. पण इतक्या सफाईनं माती उलटी करणारा दुसरा नांगर त्या भागात नव्हता.

मला घ्यायला आलेला माणूस उंच होता. लोहाराच्या दारातून आत येताना वाकला, बाहेर जाताना विसरला. कपाळाला टेंगूळ आलं. त्यानं चौकटीकडे असं पाहिलं, जणू चूक चौकटीची होती. तेव्हाच मला वाटलं, याचं आणि आपलं जमेल.

"मूठ जरा वर घेतो," लोहार म्हणाला. "तुमच्या मापाची होईल."

"माझ्याच मापाची कर. दुसरं कोण धरणार आहे?"

पुढे सगळे त्याला म्हातारा म्हणायला लागले, म्हणून मीही म्हातारा म्हणतो. तेव्हा तो तसा नव्हता. घरी बायको होती, एक रांगती मुलगी होती. मुलगा अजून व्हायचा होता.

शेत उताराचं होतं. वरच्या अंगाला घर, खालच्या अंगाला दगडांची भिंत, भिंतीपलीकडे रस्ता. भिंतीला लागून एक बाक. दोन उभे दगड आणि त्यांवर एक आडवी फरशी. म्हाताऱ्यानं ते स्वतः बांधलं होतं आणि मुठीसारखंच आपल्या मापानं बांधलं होतं. त्याची बायको बुटकी. डबा घेऊन यायची, उडी मारून बाकावर बसायची आणि पाय हवेत लोंबत राहायचे.

"अहो, हे बाक आहे की माळा?" ती म्हणायची.

"उंच बसलं की नांगरट नीट दिसते."

"मला डबा दिसला तरी पुरे आहे."

पुढे तिच्या दोन्ही बाजूंना दोन मुलं बसायला लागली. मोठी ताई आणि तिच्यामागचा धाकटा. तिघांचे पाय हवेत. मी ओळ संपवून खाली आलो की ते सहा पाय पहिले दिसायचे.

आता म्हाताऱ्याची रीत सांगतो. बाकीचे लोक शेताला गोल फिरून नांगरायचे, किंवा जाताना एक ओळ आणि येताना दुसरी. त्यामुळे माती कधी या अंगाला पडायची, कधी त्या. म्हाताऱ्याला ते चालायचं नाही. तो उताराला आडवा चालायचा, उतार नेहमी उजव्या हाताला ठेवून. ओळ संपली की मला कुशीवर पाडायचा, बैलांना वळवून रिकामा परत यायचा आणि पहिल्या टोकापासून पुन्हा सुरू. म्हणजे माती सगळी एकाच अंगाला, उताराकडे. बैलांनाही ते सोपं जायचं. माती आपल्या वजनानंच पडायची.

शेजारी हसायचे.

"अर्धा दिवस नुसता रिकामा चालतोस की."

"तू डोक्याला भांग किती पाडतोस?" म्हातारा विचारायचा.

"एक."

"मग शेताला दोन कशाला?"

शेजारी डोक्यावरून हात फिरवत निघून जायचा. आमच्या शेताला लोक एका भांगाचं शेत म्हणायला लागले. नांगरट झाली की लोक भिंतीवरून बघून जायचे. सगळी ढेकळं एका कुशीवर झोपलेली, एकही उताणं नाही. मी पुन्हा सांगतो, बढाई नाही.

पीक गव्हाचं. दुसऱ्या वर्षीही गव्हाचं. पिकाची फेरपालट करा असं कुणी म्हटलं तर म्हातारा म्हणायचा, "करतो की. गव्हानंतर गहू." कापणी झाली की तो शेतातलं काड न् काड उचलून न्यायचा. एखादं राहिलेलं त्याच्या डोळ्यात खुपायचं. शेत झाडलेल्या अंगणासारखं दिसायचं. मग मी यायचो आणि तेही उलटं करायचो.

पहिली वर्षं पीक चांगलं आलं. मग बरं. मग ठीक. म्हाताऱ्यानं बियाणं बदललं, खत वाढवलं, हवेला दोष दिला. मला आणखी खोल दाबायला लागला. मी खोल गेलो. वरच्या पट्टीत मला खालचा पिवळा मुरूम लागायला लागला, तोही मी वर काढून उजवीकडे टाकला. कुणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. आमच्या दोघांतही बोलायची पद्धत नव्हती.

शेवटच्या वर्षांत त्याची बायको एकदा बाकावर बसून म्हणाली, "आता बरं झालंय बाक. पाय टेकतात."

"बाक तेच आहे," म्हातारा म्हणाला. "तूच उंच झाली असशील."

ती हसली. त्याच वर्षी गेली. मग तीन वर्षांनी तोही गेला.

वाटणी झाली. धाकटा घरीच राहिलेला, म्हणून त्याला आधी निवडायला सांगितलं. त्यानं वरचं अर्धं घेतलं. घराजवळ, ऊन चांगलं, पाणी साचत नाही. आणि नांगर घेतला. ताईचं लग्न रस्त्यापलीकडेच झालं होतं. तिला खालचं अर्धं मिळालं, जिथं पावसात पाणी तुंबायचं. शिवाय बाक.

"नणंदबाईंना बसायला तरी मिळालं," धाकट्याची बायको म्हणाली. तिच्या जिभेला माझ्यापेक्षा धार होती, आणि ती दोन्ही अंगांना टाकायची.

मध्ये तारेचं कुंपण आलं.

पहिल्या हंगामात ताई तारेपाशी येऊन उभी राहिली. "चार दिवस नांगर दे."

"माझं झालं की देतो," धाकटा म्हणाला.

त्याचं झालं नाही. पुढच्या वर्षी माझा फाळ लोहाराकडे गेला होता, असं त्यानं सांगितलं. मी तेव्हा गोठ्यात होतो. त्याच्या पुढच्या वर्षी ताईनं विचारलंच नाही.

तिचा नवरा बस चालवायचा. शेतीतलं त्याला काही कळत नव्हतं आणि तो ते लपवतही नव्हता. म्हणून सगळं तिनं एकटीनं केलं. न नांगरता. गेल्या वर्षीची काडं तशीच आडवी टाकून, त्यांच्यामधून कुदळीनं लहान खळगे करून बी टाकलं. गहू पाण्यानं पिवळा पडला, तर पुढच्या खेपेला वाटाणा लावला. मग मका. मग दोन वर्षं नुसता लसूणघास, गुरांसाठी. मग पुन्हा गहू. तिनं कुणाचं ऐकून केलं असं नाही. नांगर नव्हता, आणि एकच पीक खाली तग धरत नव्हतं.

मी वरून बघायचो. लाज वाटायची. एका भांगाच्या शेताचं खालचं अर्धं, आणि तिथं न विंचरलेल्या डोक्यासारखी काडं.

पहिली दोन वर्षं तिचं पीक आमच्यापेक्षा कमी आलं. मला बरं वाटलं. कशाला लपवू.

तिसऱ्या वर्षी फार फरक राहिला नाही. नंतर एका वर्षी पाऊस आखडला. आमचा गहू गुडघ्याएवढा होऊन थांबला. तिचा कमरेएवढा होता आणि हिरवा होता. धाकटा तारेपाशी उभा राहून बराच वेळ बघत होता.

"खाली पाणी मुरतं ना," घरी येऊन तो म्हणाला. "उताराचा फायदा तिला."

"पाऊस पडला नाही, मग मुरलं काय?" त्याची बायको म्हणाली.

त्यानं जेवण अर्धं टाकलं.

नंतर बैल गेले आणि छोटा ट्रॅक्टर आला. लोहाराच्या मुलानं माझी मूठ कापून टाकली आणि पुढे लोखंडी कडी जोडली. म्हाताऱ्याच्या मापाची मूठ भंगारात गेली. त्या दिवसापासून माझा हात कुणी धरला नाही. काम मात्र तसंच चाललं. उतार उजवीकडे, येताना रिकामा. धाकट्यानं बापाची दुसरी कुठलीच गोष्ट इतकी पाळली नाही. मी सोडलेली माती तारेपाशी जाऊन थांबायची आणि पावसात तारेखालून पलीकडे जायची. तार गुरांसाठी होती. मातीला ती कोण अडवणार?

शेतकी खात्याच्या एक बाई दर उन्हाळ्यात यायच्या. हातात लांब पोकळ नळी. ती जमिनीत दाबायची, आत आलेली माती पिशवीत भरायची. सगळे त्यांना मातीवाल्या बाई म्हणत. एकाच उतारावर दोन तऱ्हेची शेती त्यांना आयती सापडली होती. एका वर्षी त्या धाकट्याला म्हणाल्या, "तुमच्या मातीत सेंद्रिय कर्ब फार कमी झालाय. ताईंच्या मातीत तुमच्या दुपटीहून जास्त आहे."

धाकट्यानं विचार केला. "किती गोण्या लागतील?"

"कशाच्या?"

"कर्बाच्या."

"तो गोणीत मिळत नाही. मुळं, पानं, काडं जमिनीत कुजली की तयार होतो. तोच पाणी धरून ठेवतो. तुम्ही काडं उचलून नेता आणि उरलेलं नांगरून उघडं करता. त्याला हवा लागते आणि कर्ब हवेत उडून जातो. शिवाय एकच पीक, एकाच खोलीवरची मुळं. जमिनीत भर पडत नाही आणि खर्च दर वर्षी होतो."

हे सगळं त्या माझ्याकडे बोट करून सांगत होत्या. माझ्या तोंडावर.

"गोणीत मिळत नाही तर मग काय उपयोग?" धाकटा म्हणाला आणि आत गेला.

पण त्यानंतर तो खचत गेला. वरच्या पट्टीत बी टाकलं तेवढंही परत येईना. एका संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, "वीटभट्टीवाल्याला बोलावलंय. वरच्या पट्टीची माती त्याला खणून देतो. ती झाली की पुढची. मी त्याच्याकडे ट्रॅक्टर चालवीन."

"आणि शेत?"

"शेत कुठे राहिलंय."



ताईला दुसऱ्या दिवशी कळलं. ती तारेखालून वाकून वर आली. वाटणीनंतर पहिल्यांदा.

"बाबांच्या शेताच्या विटा करणार आहेस?"

"माझ्या शेताच्या."

"एकदा खणून नेलं की ते परत येत नाही, एवढं तरी कळतंय ना?"

"ताई, तुझं बरं चाललंय. तुला बोलणं सोपं आहे. तू बस बाकावर."

ती आली तशी खाली गेली.

वीटभट्टीवाला जाडजूड, घाम पुसत बोलणारा माणूस होता. ट्रॉली खालच्या रस्त्यावर लावून वर आला. मला बघून म्हणाला, "हाही देऊन टाका. लाल रंग मारून भट्टीच्या दारात उभा करतो. लोकांना आवडतं." धाकट्यानं मान हलवली. दोन गड्यांनी मला खाली नेलं आणि भिंतीच्या मोडक्या भागातून ट्रॉलीत टाकलं. लाल रंग. चाळीस वर्षांहून जास्त काम केल्यावर.

मी ट्रॉलीत पडल्यापडल्या वरचं बोलणं ऐकत होतो. उतारावर आवाज खाली येतो. तोही खालीच येतो.

भट्टीवाल्यानं वरच्या पट्टीत फावडं मारलं. वीतभर गेलं आणि खण्णकन वाजलं. दुसरीकडे मारलं, तेच.

"माती कुठाय?" त्यानं विचारलं.

"ही काय."

"हा मुरूम आहे, मालक. माती वर नुसती पावडर लावल्यासारखी आहे. याच्या विटा करायच्या तर मला बाहेरून माती आणावी लागेल."

विकायला काढलेली वस्तू फुकटातही कुणाला नको, हे ऐकायला फार वेळ लागत नाही. पण पचवायला लागतो.

"खालची बघू?" भट्टीवाला म्हणाला.

"ती बहिणीची आहे."

"बघायला काय जातंय?"

दोघं खाली आले. भिंतीपाशी भट्टीवाल्यानं फावडं मारलं, ते पूर्ण आत गेलं. त्याच खड्ड्यात पुन्हा मारलं, पुन्हा गेलं. काळी, भुसभुशीत माती. त्यानं ती हातात दाबून लाडू केला, फोडला, वास घेतला. मग दमून बाकावर बसला. बसताना जरा पडल्यासारखाच बसला, कारण बाक त्याच्या अंदाजापेक्षा खाली निघालं.

ताई तोवर आली होती. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. पाहुणा कसाही असला तरी.

"बाई, हे बाक इतकं ठेंगणं कुणी बांधलं?" तो म्हणाला. "लहान मुलांचं आहे का?"

"ठेंगणं? उंच आहे ते. आमच्या आईचे पाय टेकायचे नाहीत."

"केवढी होती आई?"

"माझ्याएवढी."

भट्टीवाल्यानं ताईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग स्वतःकडे. "बाई, माझे गुडघे हनुवटीला लागतायत."



"आपलेही टेकायचे नाहीत," धाकटा म्हणाला. "मग टेकायला लागले."

"आपण मोठे झालो ना," ताई म्हणाली.

"आई कुठे मोठी झाली होती?"

ताईनं बाकाकडे पाहिलं. धाकट्यानं भट्टीवाल्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि बाकाच्या उभ्या दगडाला लागून खणायला लागला. दगड खाली जातच राहिला. हातभर खणल्यावर त्याचा पाया लागला. बापानं बसवलेला. म्हणजे हातभर माती कुठून तरी येऊन बाकाभोवती चढली होती, आणि दोन पिढ्या त्यावर बसून डबा खात होत्या.

"माती आपल्या पायानं येत नाही," भट्टीवाला म्हणाला.

तिघांनी वर पाहिलं. वरची पट्टी उन्हात टक्कल पडल्यासारखी चमकत होती. मग तिघांनी ट्रॉलीकडे पाहिलं.

मी तिथंच होतो. माझा पत्रा उजवीकडे वळलेला. तो मी कधी कुणापासून लपवला नव्हता. दर वर्षी वीतभर उजवीकडे टाक म्हणाले, टाकली. काही मी टाकली, काही पावसानं नेली, कारण मी ती मोकळी करून ठेवली होती. काम चोख झालं होतं. इतकं चोख की अख्ख्या शेताचं वरचं खाली गेलं.

"म्हणजे इतकी वर्षं," धाकटा सावकाश म्हणाला, "तू माझ्या मातीवर पिकवतेयस."

"बाबांच्या मातीवर. आणि माझ्या पाठीवर."

"माती वरची आहे."

"आणि काडं कुणाची? घास कुणी लावला? कंबर कुणाची गेली?"

"नांगर मागितला असतास तर—"

"मागितला होता," ताई म्हणाली.



भट्टीवाल्याला घरच्या भांडणात रस नव्हता. "बाई, ही भिंतीकडेची माती मला द्या," तो म्हणाला. "नुसती कडेची. तुम्हाला शेतही राहील आणि पैसेही मिळतील. बोला."

ताईनं खड्ड्यात पाहिलं. तिचा सगळ्यात दाट लसूणघास त्याच पट्टीत यायचा. गाय त्यावर जगत होती.

"ती विकायला माझी नाही," ती म्हणाली.

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. मग ट्रॉलीपाशी आला आणि गड्यांना म्हणाला, "नांगर उतरवा."

भट्टीवाला रिकामा गेला. लाल रंग टळला.

पुढच्या आठवड्यात मातीवाल्या बाई आल्या. धाकट्यानं त्यांना सरळ विचारलं, "तिच्या पिकात माझं किती आणि तिचं किती?"

बाईंनी तारेपाशी, मधोमध आणि भिंतीपाशी नळी दाबली. नंतर निकाल घेऊन आल्या. "भिंतीकडची माती तुमच्या वडिलांनी खाली आणलेली आहे, मातीची ती जाडी ताईंमुळे नाही. तारेजवळ तुमची थोडी आलीय. पण मधल्या भागात वरून काही आलेलं नाही, आणि तिथंही वरच्या थरात कर्ब चांगला वाढलाय. तो ताईंचा. फेरपालटीचा, काडांचा, न नांगरण्याचा. त्यातला कशाचा किती, ते मला सांगता येणार नाही."

दोघांनाही आपल्याला हवं तेवढं मिळालं नाही. म्हणजे निकाल बरोबर असावा.

"माती वर नेऊन टाकतो," धाकटा म्हणाला.

"टाका. पण पुन्हा असंच नांगरलंत तर ती पुन्हा खाली येईल."

"मग करू काय?"

"ताई करतात ते."

हे गिळायला त्याला एक पावसाळा लागला.

मग पुढच्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. भिंतीकडची पट्टी घासाच्या मुळांनी घट्ट धरली होती. ती फोडायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. धाकट्यानं मला ट्रॅक्टरला जोडलं आणि सवयीनं उतार उजव्या हाताला घेतला.

"उलटा ये," ताई म्हणाली.

"उलटं माती वर पडेल. जड जाईल."

"वरच न्यायचीय ना?"

त्यानं ट्रॅक्टर वळवला. उतार डाव्या हाताला आला, आणि त्या दिवशी मी पहिल्यांदा माती वर टाकली. ट्रॅक्टर कण्हला. म्हाताऱ्यानं कधी असं का केलं नाही ते मला चार हातांतच कळलं.

आणखी एक सांगतो. त्या मातीत मी कितीतरी वर्षांनी गेलो होतो. आत मुळांची जाळी, गांडुळांच्या वाटा, कुजलेली पानं. वाटेत मला दगड-मुरूम लागत नव्हता, फक्त घरं लागत होती. इतके राहत असतील आत, हे मला माहीत नव्हतं. आमच्या वरच्या शेतात मला कधी कुणी भेटलं नव्हतं. मी कापत गेलो. तेच माझं काम.

ताईच्या नवऱ्याची बसची नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती. त्यानं ट्रॉली ओढायला घेतली. "माणसं काय, माती काय," तो म्हणाला, "मागे बघून सोडायची." शेतीच्या बाबतीत त्यानं दिलेलं हे एकच मत, आणि ते उपयोगी पडलं. धाकट्याची बायको वर फावडं घेऊन पसरायला उभी राहिली. "बसायला बाक दिलं होतं," ती म्हणाली, "आता बाकाखालचंही काढून घेताय."

"तुम्ही येऊन बसा, मी सरकून जागा देते," ताई म्हणाली.

सगळी पट्टी एकदम उघडी करायची नाही असं ताईनं ठरवलं होतं. एका उन्हाळ्यात एक तुकडा, बाकीच्यात घास. म्हणून दर उन्हाळ्यात दोनच दिवस मला काम. एरवी मी गोठ्यात.

वर आणलेल्या मातीत धाकट्यानं न नांगरता वाटाणा लावला. काडं पसरली. शेत असं दिसायला लागलं की म्हातारा असता तर तो भिंतीकडे तोंड करून चालला असता. आणि पहिल्या वर्षी पीक कमी आलं. आधीच्याहूनही कमी. मी काही बोललो नाही.

एक दिवस धाकटा हातात पाना घेऊन गोठ्यात आला. माझ्या कडीला हात लावला. नांगरायला मी तयार होतो. लोखंडाला मनात काही आणता येत असेल, तर मी आणलं.

"कुठे?" मागून ताईचा आवाज आला.

"कुठे नाही," धाकटा म्हणाला. "तेल घालायला आलो."

"घाल की मग."

ती हलली नाही. त्यानं मला तेल घातलं. सगळीकडे. नको तिथंही.

दुसऱ्या वर्षी मका. तिसऱ्या वर्षी घासाचा एक पट्टा आणि उरलेल्यात गहू, आणि तो गहू कमरेच्या जवळपास आला. पाऊस बेताचाच होता. बाईंनी नळी दाबली, म्हणाल्या, "सुरुवात झालीय. वरच्या चार बोटांतच आहे, खाली जायला वर्षं लागतील." धाकट्यानं गोण्या विचारल्या नाहीत.

आता माझं. नांगरायचं सगळं संपलं, म्हणून मी गोठ्यात नाही, बाकाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. फाळावर गंज धरलाय. पत्रा अजून उजवीकडेच वळलेला आहे, तो माझ्याबरोबरच जाईल. वाईट वाटून घेत नाही. मला जे सांगितलं ते मी केलं, आणि कुणापेक्षाही चांगलं केलं. फक्त सांगणाऱ्यानं सांगण्याआधी शेताच्या दोन्ही टोकांना जाऊन बघावं. विनंती एकच. मला रंग लावू नका.

परवा बाकाभोवतीचा शेवटचा तुकडा फावड्यानं निघाला. ट्रॉली वर गेली. धाकट्यानं बाकाखाली फावडं मारलं, ते पायाच्या दगडावर वाजलं. त्यानं फावडं भिंतीला लावलं, माझ्या शेजारी.

"बस," तो म्हणाला.

ताई बसली. तिचे पाय टेकले नाहीत.